सुधाकर, ते स्पीकर फुसके नव्हते

सुधाकर,

तुझं तेरावं आटोपून मी धुळ्याहून जळगावला परत आले, त्याच रविवारी रोहन आणि सईचा फोन आला. अमेरिकेतून फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवून, पदर सारखा करून खुर्चीवर बसते. तू त्याची नक्कल करायचास. दोन्ही नातवंडांना आजीचा भाऊ गेल्याचं वाईट वाटत होतं. सई म्हणाली, "आजी, धुळ्याचे आजोबा किती गमतीदार होते ना!" आणि रोहनने लगेच तुझ्या आवाजात सुरू केलं, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग... आणि भाऊजींच्या पेट्यांनी मान टाकली!" दोघंही तिकडे खदखदून हसली.

मी विचारलं, "आणि तुमचे स्वतःचे आजोबा? त्यांच्याबद्दल काय माहीत आहे तुम्हाला?"

रोहन जपून म्हणाला, "त्यांनीच ते स्पीकर बनवले होते ना? जे लगेच जळले?"

म्हणजे माझ्या नवऱ्याचं एवढंच उरलं आहे. तुझ्या विनोदातला एक माणूस, ज्याला धड पेट्या बनवता आल्या नाहीत. मुलांचा दोष नाही. ती लहान असताना हे गेले, आणि गोष्टी सांगायला तू मागे राहिलास.

तुझ्या नितीनने स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "आत्या, तुम्ही इंग्रजी शिकवलंत, तुम्ही छान लिहाल." मी म्हटलं, लिहीन, छापायचं की नाही ते तुझं तू ठरव. त्याला नक्कल पाठवीन. मूळ कागद रोहन आणि सईकडे जाईल. बोलते आहे तुझ्याशी, पण ऐकायचं आहे त्यांनी. तू मध्ये बोलू शकणार नाहीस, हे आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतं आहे, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

आधी तुझे उपकार सांगून मोकळी होते, म्हणजे अक्का कृतघ्न निघाली असं कुणी म्हणायला नको. मॅट्रिक झाल्यावर आबा म्हणाले होते, मुलीला आता कॉलेज कशाला. तू माझ्याहून लहान, शाळेतला पोरगा. ओट्यावर जाऊन बसलास आणि जेवणार नाही म्हणालास. "अक्काला कॉलेजात घाला, नाहीतर मीही शाळेत जात नाही." आईने ताट आणून ठेवलं, तू तोंड फिरवलंस. शेवटी आबाच उठले आणि म्हणाले, जाऊ दे तिला, हा गाढव उपाशी मरेल. मग तुझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून मी धुळ्याच्या कॉलेजात गेले. उन्हाळ्यात ती सीट तापायची, तर तू तुझी टोपी त्यावर टाकायचास. माझं सगळं इंग्रजी त्या सायकलवरून आलं आहे. हे मी कधीही नाकारलेलं नाही.

पण ज्या इंग्रजीसाठी तू उपाशी बसलास, त्याच इंग्रजीत छापलेलं मी तुला वाचून दाखवलं, तेव्हा तू ऐकलं नाहीस. आता तिकडे येते.

रोहन, सई, तुमचे आजोबा इरिगेशनच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या धरणांचे नकाशे काढले. काम इतकं स्वच्छ की साहेब लोक त्यांचा कागद हातात घेण्याआधी हात पुसायचे. गाण्याचा त्यांना फार नाद होता, आणि घरातल्या टेपरेकॉर्डरचा किरकिरा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी पुण्याहून सुटे स्पीकर मागवले, खालच्या आवाजाचे दोन मोठे आणि वरच्या आवाजाचे दोन छोटे, आणि पेट्या स्वतः करायला घेतल्या. मागच्या पडवीत सागाच्या फळ्या आल्या. जोड असे की त्यात नख शिरायचं नाही. पेटीच्या आत कापूस भरायचा असतो, आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून. खानदेशात कापसाला काय तोटा? पण यांनी जामनेरच्या जिनिंगमधून आणलेला कापूस पसंत नाही म्हणून परत केला, दुसरीकडचा आणला, हाताने पिंजला आणि सरकीचा एक कण राहू दिला नाही. मी म्हणायचे, "अहो, पेटी बंद झाल्यावर कोण बघणार आहे?" ते म्हणायचे, "आवाज बघेल."

पेट्या त्यांच्या. ॲम्प्लिफायर निवडायचं काम माझं, कारण सगळी माहिती इंग्रजीत होती. स्पीकरवाल्यांचं माहितीपत्रक आलं, दोन-तीन मासिकं मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणली, आणि टेबलावर बसून मी वाचायची, मराठीत सांगायची, ते पेन्सिलीने खुणा करायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. एखादी गोष्ट आम्ही दोघं मिळून शिकलो ती हीच.

त्यात काय होतं ते सांगते, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. एक होतं ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. आमचे आठ ओहमचे होते. ॲम्प्लिफायर त्याला जुळणारा हवा, आणि गाण्यात मध्येच ही अडवणूक कमी झाली तरी दमणारा नको. दुसरं वॅट. इथे बहुतेक लोक फसतात. स्पीकरवर चाळीस वॅट लिहिलं म्हणजे तो चाळीस वॅट मागत नाही. सतत त्याहून जास्त दिलेत तर मी जळेन, एवढंच तो सांगत असतो. आमच्या बैठकीच्या खोलीत गाणं ऐकायला एखाददुसरा वॅट पुरला असता. बाकीची ताकद तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठी राखून ठेवायची. ॲम्प्लिफायर फार लहान घेतला आणि पिळला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज वरच्या छोट्या स्पीकरला जाळतो. मोठा घेतला तर चालतो, पण मग नॉबवरचा हात शहाणा पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे की तेवढ्याच विजेत प्रत्येक स्पीकर सारखा मोठ्याने बोलत नाही. मंडपातला कर्णा थोड्याशा विजेत गल्ली उठवतो. लाकडी पेटीतला स्पीकर तेवढ्याच विजेत हळू बोलतो, कारण तो नुसता ओरडत नाही, खालचे-वरचे सगळे सूर काढतो. हळू बोलतो म्हणजे तो कमकुवत नाही.

आम्ही पुण्याच्याच एका कारखानदाराचा ॲम्प्लिफायर ठरवला. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वॅट, आठ ओहमसाठी आणि त्याखालीही चालेल असं त्याने लिहून दिलेला. मग तुझे भाऊजी म्हणाले, "सुधाकरला एकदा विचारून घेऊ. त्याचं आयुष्य आवाजात गेलंय."

तुझं आग्रा रोडवरचं दुकान तेव्हा जोरात होतं. धुळ्यात मंडप आणि लाउडस्पीकर म्हटलं की सुधाभाऊ. मी बसने आले, तू मला स्टुलावर बसवलंस, चहा मागवलास आणि विचारलंस, "किती वॅटचं मशीन घेताय?" तुम्ही लोक ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणायचात.

"पन्नास-पन्नास."

"पन्नास!" तू दुकानातल्या माणसांकडे वळलास. "ऐका रे! अक्का, पन्नास वॅटमध्ये माझा सत्यनारायणसुद्धा होत नाही."

"आम्हाला गल्लीला पोथी ऐकवायची नाही, सुधा. खोलीत बसून गाणं ऐकायचं आहे."

"मग ट्रान्झिस्टर काय वाईट आहे? उशाशी घेऊन झोपा दोघं."

माणसं हसली. मी पिशवीतून माहितीपत्रक काढलं आणि कर्ण्याचा आणि पेटीचा फरक तुला वाचून दाखवला, मग मराठीत समजावून सांगितला. तुझ्या तोंडात पान होतं. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "बरोबर आहे. तुला कोण खोटं ठरवणार." मला वाटलं, समजलं तुला. ॲम्प्लिफायरची ऑर्डर मी त्याच आठवड्यात दिली.

तो यायच्या आधी आखाजी आली. मुलांनो, आपल्याकडे अक्षय तृतीया म्हणजे आखाजी, लेकींचा सण. त्या वर्षी तुमची आई लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या होत्या, मी सांजोऱ्या तळत होते. तेवढ्यात सुधाकर, तुझी जीप दारात आली, शेजारी तुझी बायको, कुसुम. मागे मशीन.

"भाऊजी, तुमचा ॲम्प्लिफायर येईल तेव्हा येईल. आज सणाच्या दिवशी पेट्या मुक्या ठेवायच्या का?"

तुझे भाऊजी लाजल्यासारखे हसले. त्यांना ते हवंच होतं. मी हात पुसत बाहेर आले आणि मशीनच्या मागे काय छापलंय ते वाचलं. अडीचशे वॅट. म्हटलं, "सुधा, अगदी हळू लाव. एक गाणं ऐकव आणि काढून घे."

"हो गं, मास्तरीणबाई."

आणि तू खरंच हळू लावलंस. कॅसेटवर एक साधं भजन होतं. रोहन, सई, तुमच्या आजोबांना तुम्ही इथे बघा. ते खाली सतरंजीवर बसले होते, एका पेटीला टेकून, आणि त्यांचा तळहात लाकडावर होता. तंबोऱ्याचा खालचा सूर आला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि नुसती भुवई उचलली. ऐकलंस? मी ऐकलं. त्या खोलीत गाणारा माणूस बसला होता. आमच्या घरात इतका खरा आवाज त्याआधी कधीच झाला नव्हता. तुझे भाऊजी फार बोलणारे नव्हते. त्यांनी कधी कशाची फुशारकी मारली नाही. त्या वेळी मात्र त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला अभिमान म्हणतात.

तुला ते सोसलं नाही असं मी म्हणणार नाही. तुला ते दिसलंच नाही. तू मान वाकडी करून म्हणालास, "आवाज कोठे शे, भाऊजी?" आणि नॉब वाढवलास. बाहेरच्या झोक्याकडे हात करून म्हणालास, "बठ्ठासले ऐकू येवाले पायजे!" सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा वाढवलास. मी म्हटलं, "सुधा, कर्णा नाही तो." तू म्हणालास, "अगं, मशीनमध्ये अजून कितीतरी आहे."

मग तू पिशवीतून माइक काढलास.

तुमच्या धंद्यात माइकवर 'हॅलो' म्हटल्याशिवाय मशीन सुरू झालं असं कुणी मानतच नाही. लग्न असो, बारसं असो, आधी माणूस माइकमध्ये फुंकणार, मग बोटाने ठोकणार, मग 'हॅलो, हॅलो' म्हणणार. तुझ्या हाताला ती सवय होती. तुला माहेरवाशिणींचं एकेकीच्या नावाने स्वागत करायचं होतं. हौस खरी होती, तेही मान्य. तू नॉब शेवटाला नेलास आणि पेट्यांच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर उभा राहिलास. फू केलंस. ठोकलंस. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग..." आणि ती शिट्टी सुरू झाली. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा स्पीकरमध्ये. मैदानात कर्णे दूर बांबूवर असतात, माणूस दोन पावलं सरकतो आणि शिट्टी थांबते. खोलीत तू सरकणार कुठे? मी ओरडले, "नॉब कमी कर!" तू नॉबला हात लावला नाहीस. तू माइक आणखी जोरात ठोकलास.

आधी वरचे छोटे स्पीकर गेले. मग मोठ्यांपैकी एकाचा कागदी पडदा फाटला, दुसऱ्यातून करपलेल्या वॉर्निशचा वास आला. त्यानंतर अडीचशे वॅटचं मशीन नुसतंच गुणगुणत राहिलं. अंगणातला झोका थांबला होता.

त्या वेळी खोलीत पहिलं वाक्य तू बोललास. तेच वाक्य मी तुला कधीही सोडणार नाही. तू म्हणालास, "भाऊजी, पेट्या फुसक्या निघाल्या हो!"

आणि हसलास. सणाचा दिवस, दारात बायका उभ्या, कुणाला काही कळत नव्हतं, त्याही हसल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माइकने आणि मशीनने स्पीकर जाळले. तू म्हणालास, "अक्का, माझं आयुष्य गेलंय यात." आणि तुझे भाऊजी सतरंजीवरून उठले आणि हळूच म्हणाले, "असेल. माझाच कुठे जोड चुकला असेल."

नख न शिरणारे जोड, सुधाकर.

तू सांजोऱ्या खाऊन धुळ्याला गेलास. तुझे भाऊजी त्यानंतर रोज पडवीत बसून पेट्या उलट्यासुलट्या करून बघायचे. कुठे हवा जाते का, फळी कुठे कमी जाड आहे का. पुण्याचा ॲम्प्लिफायर आला तेव्हा त्यांनी खोकंसुद्धा उघडलं नाही. "परत पाठव," म्हणाले. मी सगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. माहितीपत्रक पुढे धरलं. ते वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तू माझी बाजू घेणारच." नवरा-बायकोतली ही अडचण आहे: मी खरं बोलले तरी ते प्रेमात धरलं जायचं. आवाजाच्या बाबतीत आमच्या घरात एकाच माणसाचा शब्द चालायचा, आणि तो माणूस तू होतास.

एक गोष्ट नातवंडांना माहीत नाही. पेट्या झाल्यावर त्यांनी सागाच्या उरलेल्या फळ्यांचा पाळणा करायचं ठरवलं होतं. त्याचं चित्र काढलं होतं, बाजूंवर मोर होते. तुमच्या आईच्या लेकरांसाठी. आखाजीनंतर ते चित्र त्यांनी पुन्हा कधी उघडलं नाही. फळ्या एका सुताराला देऊन टाकल्या. सई, तुझा पाळणा आम्ही दुकानातून आणला, पत्र्याचा. त्याची कुरकुर ऐकून त्यांनी एकदाच म्हटलं, "तेल घाल." करवत त्यांनी पुन्हा कधी हातात धरली नाही.

मी धुळ्याला आले. तुला दुकानातून बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "सुधा, एक वाक्य बोल त्यांच्याशी. 'भाऊजी, पेट्या चांगल्या होत्या, माझ्या मशीनने जाळल्या.' बाकी काही नको."

"बोलतो की. एवढं काय त्यात!"

तू बोलला नाहीस. तू गोष्ट रचलीस. जामनेरला चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पंगत जेवत असताना तू ती पहिल्यांदा सांगितलीस, उभा राहून, हातवारे करून, माझ्या ओरडण्याची नक्कल करून. "पेट्या कसल्या, पेटारेच! एका 'हॅलो'ला मान टाकली!" तुझे भाऊजी पंगतीतच बसले होते. ताटाकडे बघून हसत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सुधाकर, गोष्टीत चूक आहे. पेट्या चाळीस वॅटच्या होत्या आणि तुझं मशीन..." लोक आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "अक्कांचा तास सुरू झाला!" तू कान पकडून विद्यार्थ्यासारखा उभा राहिलास. टाळ्या पडल्या. माझं खरं बोलणंही तू तुझ्या विनोदात घातलंस. पुढच्या वेळेपासून गोष्टीत तेही आलं.

मग त्यांचं दुखणं. सुधाकर, त्या दिवसांत तू जे केलंस ते त्यांचे सख्खे भाऊही करणार नाहीत. डॉक्टर आणलास, रक्त दिलंस, धुळ्याचा धंदा माणसांवर टाकून जळगावला येऊन राहिलास, त्यांना उचलून खाली ठेवलंस. म्हणूनच मला आशा वाटली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुझा हात धरून म्हटलं, "आज बोल. आता वेळ नाही."

"अक्का, अशा वेळी स्पीकर कुठे काढतेस?"

"त्यांनी काढलेत. ते छताकडे बघत पडलेले असतात ना, तेव्हा जोडच मोजत असतात. मला माहीत आहे."

तू आत गेलास. मी दारात उभी राहिले. तू खाटेवर बसलास, त्यांचे पाय चेपलेस आणि म्हणालास, "भाऊजी, लवकर उठा. नवीन पेट्या करा. या वेळी मी नुसतं खोकलो तरी फुटणार नाहीत अशा करा."

आणि ते हसले. त्यांना धाप लागेपर्यंत हसले, तुझं मन राखायला. ते त्यांचं मी पाहिलेलं शेवटचं हसू. ते तू त्यांच्याच जिवावर काढून घेतलंस.

ते गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि मी कामाला लागले. पुण्याहून तेच सुटे स्पीकर पुन्हा मागवले. कारखानदाराकडून तोच पन्नास-पन्नासचा ॲम्प्लिफायर आणला. पेट्यांना हात लावू दिला नाही; बसवणाऱ्याला सांगितलं, एक स्क्रूसुद्धा नव्या भोकात जाता कामा नये, यांनी पाडलेलीच भोकं वापर. मग तेच भजन लावलं. तंबोऱ्याचा खालचा सूर आला. मी एकटी सतरंजीवर बसले होते. पेट्यांत काहीही चुकलं नव्हतं, सुधाकर. कधीच चुकलं नव्हतं. त्या अजून वाजतात. नॉब मी निम्म्यावर कधी नेलेला नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तू नितीनला घेऊन आलास. मी मुद्दाम लावलं. तू ऐकत राहिलास. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. मला वाटलं, आता तरी. तू रुमालाने डोळे पुसलेस, नितीनकडे वळलास आणि म्हणालास, "बघ. मी भाऊजींना तेव्हाच म्हटलं होतं, ॲम्प्लिफायर चांगला पाहिजे."

मी तुला ओवाळलं. त्यानंतर तू दरवर्षी म्हणायचास, "अक्का, पेट्या लाव ना." आणि मी म्हणायचे, "वीज नाही." डोक्यावर पंखा फिरत असायचा. तू पंख्याकडे बघायचास, मी तुझ्याकडे. तू कधी म्हणाला नाहीस की पंखा चालू आहे. मीही कधी दुसरं कारण शोधलं नाही. तुला तो आवाज पुन्हा ऐकू दिला नाही, याचं मला समाधान आहे. अजूनही आहे.

तुझ्या शेवटच्या आजारात मी आले तेव्हा तू विचारलंस, "अक्का, अजून रागावली आहेस?"

मी म्हटलं, "हो."

तू म्हणालास, "बरं," आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. लहानपणी ताटाकडे पाठ करून बसला होतास तसाच. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. पण 'नाही' म्हटलं नाही. तू गेल्यावर मी रडले, पोटातून रडले. तुझ्यासाठी रडायला मला राग सोडावा लागला नाही.

इथेच हा कागद संपला असता. पण तेराव्याच्या दिवशी तुझी कुसुम मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. पाटावर बसवलं. म्हणाली, "अक्का, तुमच्या मनात ते स्पीकरचं आहे. आज सांगते. त्या आखाजीला आम्ही जळगावहून परत येत होतो. पारोळ्याला चहाला थांबलो, तर कप हातात घेऊन हे म्हणाले, कुसुम, मी आज भाऊजींच्या सोन्यासारख्या पेट्या जाळल्या. आणि वर त्यांनाच नावं ठेवून आलो. आता कुठल्या तोंडाने सांगू?" कुसुमने डोळे पुसले. "म्हणून ते सारखा तो विनोद करायचे, अक्का. मनाला लागलं होतं त्यांच्या. आता तरी माफ करा."

बिचारीला वाटलं, हे ऐकून माझं मन निवळेल.

सुधाकर, इतकी वर्षं मी तुला मूर्ख समजत होते. मला वाटायचं, तुला कळलंच नाही; कर्ण्याच्या माणसाला पेटीचं काय कळणार. मूर्खाला एक दिवस माफ करता आलं असतं मला. पण तू पारोळ्याला, चहाच्या टपरीवर, ते वाक्य बोललास. पूर्ण, खरं, जसंच्या तसं. जे मी तुझ्याकडे व्हरांड्यात हात धरून मागत होते, ते तुझ्या तोंडात तयार होतं. 'सोन्यासारख्या पेट्या.' हे शब्द ज्याच्यासाठी होते तो माणूस तिकडे जळगावात कंदील घेऊन फळीतली फट शोधत होता.

रोहन, सई, आता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आजोबांनी बनवलेले स्पीकर उत्तम होते. ज्याने जाळले त्यानेच तसं म्हटलेलं आहे, आणि धुळ्याच्या आजीने ते ऐकलेलं आहे. यापुढे ती गोष्ट सांगायची झाली तर अशी सांगा. हसायचं असेल तर हसा, पण योग्य माणसाला.

आणि सुधाकर, तू. मेल्यावर माणूस कुठे जातो यावर माझा कधी विश्वास नव्हता. श्राद्धाचं मी लोकांसाठी करते. पण तुझ्यापुरतं मी यावेळी मानायला तयार आहे की ते कुठेतरी आहेत, आणि तूही आता तिथेच पोचला आहेस. तर जा त्यांच्याकडे. समोर बस आणि पारोळ्याला बोललास तेच शब्द बोल. पुढे काही जोडू नकोस.

मी यायला फार काळ लागणार नाही. आल्यावर आधी त्यांना विचारीन, सुधाकर तुमच्याशी बोलला का. ते 'हो' म्हणाले, तर मग तुझ्याकडे बघेन.

अक्का